हिवाळ्यातील नैराश्य : उजेडाचे गणित आणि कामरगावची थंडी

दिवाळी सरते, तुळशीची लग्ने लागतात आणि वऱ्हाडात थंडीचा अंमल सुरू होतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावच्या परिसरात या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत असतात आणि हरभऱ्याला पाणी देण्याची घाई असते. नेमक्या याच काळात युरोप-अमेरिकेतील प्रसारमाध्यमांत हिवाळ्यातील नैराश्यावर लेखांचा पाऊस पडतो. ते लेख आता मराठी घरांतही पोहोचतात आणि डिसेंबरात उत्साह मावळलेला वाचक स्वतःला विचारू लागतो, की हाच विकार आपल्यालाही जडला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ मनात डोकावून मिळत नाही. त्यासाठी आधी नकाशा उघडावा लागतो आणि विषुववृत्तापासूनचे अंतर पाहावे लागते.

विकाराला नाव कसे मिळाले?

नॉर्मन रोझेन्थाल हे मनोविकारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. लख्ख उन्हाच्या प्रदेशातून ते न्यूयॉर्कला आले, तेव्हा हिवाळा लागताच आपली कामाची उमेद ओसरते आणि वसंत येताच ती परतते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना अशीच तक्रार असलेले रुग्ण त्यांना भेटले. याच संस्थेतील आल्फ्रेड लेवी यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते, की प्रखर प्रकाशामुळे माणसाच्या शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे थांबते. साध्या घरगुती दिव्याने ते तितकेसे थांबत नाही. हे दोन धागे जुळले आणि १९८४ मध्ये रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. दरवर्षी ठराविक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याला त्यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत 'ऋतुजन्य भावविकार' म्हणता येईल. उजेडातून अंधाराकडे स्थलांतर केलेल्या माणसाने हा विकार ओळखावा, यात एक औचित्य आहे.

अर्थात अंधाराचा मनावरील परिणाम त्याआधीही अनुभवला गेला होता. 'बेल्जिका' हे जहाज १८९८ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले आणि खलाशांना संपूर्ण हिवाळा सूर्याविना काढावा लागला, तेव्हा जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी खिन्न आणि निस्तेज झालेल्या माणसांना धगधगत्या शेगडीसमोर बसवण्याचा उपाय केला होता. भारताच्या अंटार्क्टिकातील 'मैत्री' आणि 'भारती' या केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्यांची निवड करतानाही शारीरिक तपासणीबरोबर मानसिक तपासणी केली जाते, ती याच अनुभवामुळे.

आजच्या वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. नैराश्य किंवा द्विध्रुवीय विकार या आजारांचाच तो एक ऋतुबद्ध प्रकार समजला जातो. निदानासाठी लागोपाठ किमान दोन वर्षे त्याच ऋतूत नैराश्य यावे, ऋतू पालटताच ते पूर्णपणे ओसरावे आणि त्या दोन वर्षांत इतर ऋतूंत ते आलेले नसावे, अशी अट आहे. शिवाय दरवर्षी हिवाळ्यातच नोकरी सुटते किंवा कर्जफेडीचा तगादा लागतो, अशा उघड सामाजिक कारणाने येणारी उदासी या व्याख्येत बसत नाही. विदर्भाच्या संदर्भात ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

लक्षणांतही एक गंमत आहे. नैराश्य म्हटले, की झोप उडालेला, अन्न न जाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हिवाळी प्रकारात बहुधा उलटे घडते. रुग्णाला झोप अनावर होते, नऊ-दहा तास झोपूनही ताजेपणा वाटत नाही, भात, पोळी, गोडधोड आणि तळलेले पदार्थ खावेसे वाटतात, वजन वाढते, हातापायांत शिसे ओतल्यासारखा जडपणा येतो. भेटीगाठी नकोशा होतात. घरच्यांना हा सारा आळस वाटतो. रुग्णालाही तसेच वाटू लागते आणि अपराधीपणाची भर पडते. आजार ओळखला न जाण्याचे हे मोठे कारण आहे.

दिवस किती लांब, किती आखूड?

कामरगाव साधारण २०.५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तेथे २१-२२ डिसेंबरचा, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो आणि जूनमधील सर्वांत मोठा दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा. दोहोंतील फरक अडीच तासांचा. लंडनमध्ये डिसेंबरातला लहानात लहान दिवस पावणेआठ तासांहून थोडासाच मोठा असतो. टोरांटोत तो सुमारे नऊ तासांचा, तर स्टॉकहोममध्ये सहा तासांचा असतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात तर नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. लंडनचा जूनमधील दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, म्हणजे तेथील माणसाच्या वाट्याचा उजेड सहा महिन्यांत निम्म्याहून कमी होतो. कामरगावच्या माणसाला अशी घट ठाऊक नाही.

लांबीइतकीच महत्त्वाची असते प्रकाशाची प्रखरता. ती 'लक्स' या एककात मोजतात. निरभ्र आकाशातील दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते. उघड्या जागेत सावलीत बसले, तरी दहा हजार लक्स सहज मिळतात. दिव्यांनी उजळलेल्या घरातील खोलीत मात्र शंभर ते तीनशे, तर चांगल्या कार्यालयात पाचशेच्या आसपास लक्स असतात. डोळा अंधाराशी आणि उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो, की हा शेकडो पटींचा फरक जाणवतच नाही. शरीराच्या घड्याळाला मात्र तो जाणवतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या कामाशी फारसा संबंध नसलेल्या, केवळ उजेडाची वर्दी मेंदूला देणाऱ्या पेशी असतात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास लागला. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातल्या मुख्य घड्याळाला त्या दिवस उगवल्याचे कळवतात. पहाट उशिरा होऊ लागली, की हे घड्याळ मागे पडते. मनगटावरचे घड्याळ सातची वेळ दाखवते, पण शरीराच्या लेखी अजून मध्यरात्रच असते. हिवाळी नैराश्याचे हे एक स्पष्टीकरण. मेलाटोनिन स्रवण्याचा रात्रीचा काळ लांबणे आणि सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यात फरक पडणे, ही आणखी दोन. यांपैकी एकाच कारणावर सर्व तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही.

अक्षांशाचा संबंध अमेरिकेतील १९९० च्या एका पाहणीने ठळकपणे पुढे आणला. दक्षिणेकडील फ्लोरिडातील सारासोटा येथे हा विकार १.४ टक्के लोकांत, तर उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरमधील नाशुआ येथे ९.७ टक्के लोकांत आढळला. पण हिशेब इतका सरळही नाही. आइसलँडसारख्या अतिउत्तरेकडील देशात त्याचे प्रमाण अपेक्षेहून कमी निघाले आणि कॅनडात स्थायिक झालेल्या आइसलँडवासीयांच्या वंशजांतही ते कमीच होते. त्यामुळे आनुवंशिकतेचा भाग असावा, असे मानले जाते. त्याच्याही पुढे जाऊन, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौतीस हजारांहून अधिक अमेरिकी नागरिकांच्या पाहणीत नैराश्याच्या लक्षणांचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी काहीच संबंध दिसला नाही. संशोधकांचा वाद संपलेला नाही. काही विशिष्ट माणसांना हा त्रास दरवर्षी नियमाने होतो आणि उपचारांनी तो कमी होतो, एवढे मात्र वैद्यकीय अनुभवाने पक्के झाले आहे. हिवाळा आला म्हणजे सगळेच खिन्न होतात, हा समज त्यातून सिद्ध होत नाही.

आणखी एक समज येथेच दूर केलेला बरा. आत्महत्या काळोख्या हिवाळ्यात सर्वाधिक होतात, असे अनेकांना वाटते. अनेक देशांच्या दीर्घकाळच्या नोंदींत त्यांचे प्रमाण वसंत आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी वाढलेले दिसते.

वऱ्हाडातील हिवाळा

मग कामरगावात डिसेंबर-जानेवारीत कोणाचे मन खचले, तर त्याला काय म्हणायचे? केवळ उजेडाच्या टंचाईवर बोट ठेवणे तेथे कठीण आहे. सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या आसपास मावळतो. आकाश बहुधा निरभ्र असते. सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात नसून जानेवारीच्या मध्यास, संक्रांतीच्या आगेमागे असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तरीही तो सातच्या सुमारासच. शेतात काम करणाऱ्या माणसाला हिवाळ्यात मिळणारा उजेड उत्तर युरोपातील माणसाला तेथील उन्हाळ्यातही क्वचितच मिळतो.

खरे पाहता महाराष्ट्रातील अंधारे महिने पौष-माघ नव्हेत. ते आषाढ-श्रावण होत. दिवस मोठा असला, तरी आभाळ दिवसेंदिवस भरलेले असते, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर. पावसाळी उदासी हा म्हणूनच मराठी माणसाला हिवाळी उदासीपेक्षा अधिक ओळखीचा अनुभव आहे. विदर्भात त्यात उन्हाळ्याची भर घालावी लागते. ऋतुबद्ध नैराश्याचा एक उन्हाळी प्रकारही वैद्यकशास्त्रात नोंदला गेला आहे. त्यात झोप उडते, भूक मरते, चिडचिड आणि बेचैनी वाढते. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो अशा प्रदेशात या प्रकाराची चर्चा हिवाळी प्रकाराहून कमी व्हावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. परदेशी लेखांचे अनुवाद वाचून स्थानिक प्रश्न ठरवले, की असे होते.

वऱ्हाडातील हिवाळ्याला स्वतःची अशी ओझी आहेत आणि त्यांचा सूर्याशी फारसा संबंध नाही. सोयाबीन ऑक्टोबरातच घरात येते; दिवाळीच्या आणि रब्बीच्या खर्चासाठी ते मिळेल त्या भावाने विकावे लागते. कापसाच्या वेचणीची मजुरी रोज द्यावी लागते आणि भाव मात्र नंतर ठरतो. डिसेंबर उजाडेपर्यंत वर्षाचा हिशेब जवळजवळ स्पष्ट झालेला असतो. पीककर्जाची मार्चअखेर समोर दिसू लागते. लग्नसराई तोंडावर असते. पावसाळ्यात आशा असते, पीक उभे असेपर्यंत धीर असतो. पीक विकून हातात काय उरले, हे कळण्याचा काळ हिवाळ्याचा. ज्या माणसाचे मन या काळात बसते, त्याला 'थंडीचा आजार' असे नाव देऊन प्रकाशझोतासमोर बसवणे ही त्याची थट्टाच ठरेल. निदानाच्या निकषांतील सामाजिक कारणांची ती अट नेमकी येथे लागू पडते. नैराश्य मात्र तितकेच खरे असते आणि उपचारांची गरजही.

दुसरे ओझे झोपेचे. शेतीपंपांना वीज जेथे रात्री मिळते, तेथे गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकरी कडाक्याच्या थंडीत रात्र शेतात काढतो. रात्री जागरण आणि दिवसा अर्धवट झोप, हा क्रम आठवडा-आठवडा चालला, तर शरीराचे घड्याळ विस्कटते. कारखान्यातील रात्रपाळीच्या कामगारांत झोपेचे आणि मनःस्थितीचे विकार अधिक आढळतात, हे सर्वमान्य आहे. ओलिताची रात्र हीदेखील रात्रपाळीच होय; फक्त तिची नोंद कोणत्या हजेरीपटावर होत नाही.

शहरी वाचकाची स्थिती याहून वेगळी, पण अगदीच निर्धोक नाही. गावाच्याच अक्षांशावर राहणारा नागपूर, पुणे किंवा मुंबईचा माणूस सकाळी बंद गाडीतून कार्यालयात जातो, दिवसभर नळीच्या दिव्यांखाली बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बाहेर लाख लक्सचे ऊन पडलेले असताना त्याच्या डोळ्यांना चारशे लक्स मिळतात. भौगोलिकदृष्ट्या तो उष्ण कटिबंधात असतो. प्रकाशाच्या हिशेबात मात्र तो बराच उत्तरेला सरकलेला असतो.

याच संदर्भात धुंधुरमासाची आठवण होते. सूर्य धनु राशीत असताना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे उठून सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी असा नैवेद्य दाखवून जेवण्याची चाल महाराष्ट्रात होती आणि काही घरांत अजून आहे. कार्तिकातील काकड आरती, संक्रांतीचे तिळगूळ, माघातील रथसप्तमीचे सूर्यपूजन हे सारे याच पट्ट्यातले. पूर्वजांनी हे नैराश्यावरील औषध म्हणून योजले, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पण पांघरुणात शिरून राहावेसे वाटणाऱ्या महिन्यात माणसाला पहाटे उठवणे, उजेडात आणणे आणि चार माणसांत जेवायला बसवणे, एवढे काम ती चाल करत होती. रजईत मोबाइल पाहत दहा वाजवणाऱ्या पिढीने त्यातील श्रद्धेचा भाग सोडला, तरी वेळापत्रक उचलण्यासारखे आहे.

उपचारांत काय टिकले?

हिवाळी प्रकारावरचा सर्वांत जुना आणि अजूनही पहिल्या पसंतीचा उपाय म्हणजे प्रकाशोपचार. दहा हजार लक्सचा, अतिनील किरण गाळलेला खास दिवा सकाळी उठल्यावर लवकरात लवकर सुमारे अर्धा तास समोर ठेवायचा असतो. दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते. तो डोळ्यांच्या किंचित वर आणि बाजूला ठेवून चहा घ्यावा, वृत्तपत्र वाचावे. दिव्यावर छापलेले लक्स ठराविक अंतरावरचे असतात, दूर बसले तर त्यांत झपाट्याने घट होते. म्हणून माहितीपत्रकातील अंतर पाळावे लागते. गुण एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि उपचार सोडले, तर त्याच वेगाने नाहीसाही होतो. डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, चिडचिड हे त्रास काहींना होतात. द्विध्रुवीय विकार असलेल्यांत प्रखर प्रकाशाने उन्मादाची अवस्था येऊ शकते. अशा रुग्णांनी, तसेच दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा दिवा वापरू नये.

महाराष्ट्रात राहणाऱ्याने हा दिवा विकत घेण्याची घाई करू नये. सकाळी अर्धा-पाऊण तास उघड्यावर चालणे, अंगणात किंवा गच्चीवर बसून नाश्ता करणे यातून तितकाच किंवा त्याहून अधिक प्रकाश फुकट मिळतो आणि व्यायामही घडतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन शरीराच्या घड्याळाला चालते. 'ड' जीवनसत्त्वासाठी मात्र ते निरुपयोगी, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. या जीवनसत्त्वाविषयी बरेच लिहिले जाते. त्याची कमतरता असेल, तर ती भरून काढलीच पाहिजे. पण केवळ गोळ्या घेऊन हिवाळी नैराश्य बरे होते, याला भक्कम पुरावा नाही.

औषधांचे आणि प्रकाशाचे बळ साधारण सारखेच आहे. कॅनडात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रकाशोपचार आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यरोधक औषध यांचा गुण जवळजवळ समान आढळला. त्याच वर्षी अमेरिकेत ब्युप्रोपिऑन या औषधाला हिवाळी नैराश्य टाळण्यासाठी मान्यता मिळाली. ही औषधे मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सुरू करायची आणि बंदही त्याच्याच सल्ल्याने करायची असतात. वसंत आला, बरे वाटले म्हणून गोळ्या एकाएकी सोडणे घातक ठरू शकते.

सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष मात्र बोलण्यातून होणाऱ्या उपचारांचा आहे. व्हरमाँट विद्यापीठातील केली रोहन यांनी १७७ रुग्णांवर प्रकाशोपचार आणि बोधनात्मक वर्तनोपचार यांची तुलना केली. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. दोन हिवाळ्यांनंतर पाहिले, तेव्हा प्रकाशोपचाराच्या गटात सुमारे ४६ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आले होते, वर्तनोपचाराच्या गटात सुमारे २७ टक्के लोकांना. कारण समजण्याजोगे आहे. दिवा दर वर्षी रोज लावावा लागतो. 'हिवाळा म्हणजे माझे संपले' हा विचार तपासून पाहण्याची आणि मन नको म्हणत असतानाही ठरलेले काम करण्याची सवय एकदा लागली, की ती पुढच्या वर्षीही सोबत राहते.

या दुसऱ्या सवयीचे महत्त्व गोव्यातही सिद्ध झाले आहे. 'संगाथ' या संस्थेने तेथे सामान्य शिक्षण घेतलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम राबवला. रुग्णाला पुन्हा कामांकडे, माणसांकडे आणि आवडीच्या गोष्टींकडे पायरीपायरीने वळवणे हा त्याचा गाभा. तो उपयुक्त ठरल्याचे निष्कर्ष प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही तीस गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आजारांविषयी बोलायचे आणि गरजूंना उपचारांपर्यंत न्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रकल्पापूर्वी नैराश्याच्या रुग्णांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. ग्रामीण माणूस मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जात नाही, हे गृहीतक या आकड्यांनी मोडीत काढले. त्याच्या भाषेत बोलणारे कोणी दारात आले, तर तो जातो. त्याच्या भाषेत 'नैराश्य' हा शब्द सहसा नसतोच. 'टेन्शन' असते, 'मन लागत नाही', 'जीव घाबरते', 'डोकं भणभणते' अशा तक्रारी असतात. शहरातील डॉक्टरने आणि घरच्यांनीही हे शब्द ओळखायला हवेत.

औषध सुरू करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे कार्य मंदावल्यास थकवा, झोप, वाढते वजन आणि थंडी सहन न होणे ही लक्षणे दिसतात आणि ती हिवाळी नैराश्यासारखीच भासतात. रक्तक्षयाचेही तसेच. साध्या रक्ततपासणीने उलगडा होतो.

परदेशातील मराठी घरे

ज्यांना हा विकार शब्दशः लागू पडतो, ती मराठी माणसे आता मोठ्या संख्येने उत्तरेकडे राहतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मधले आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मधले; पण अलीकडच्या दोन-तीन दशकांत विदर्भ-मराठवाड्यातील लहान गावांतूनही मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी थेट टोरांटो, म्युनिक किंवा स्टॉकहोमला जाऊ लागली आहेत. वीस अंशांवर वाढलेले शरीर एकदम पन्नास-साठ अंशांवर जाते. पहिला हिवाळा नवलाईत निघून जातो. बर्फाची छायाचित्रे गावाकडे पाठवली जातात. अडचण बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिवाळ्यात लक्षात येते.

तेथील मराठी दिनदर्शिकेचाही यात वाटा आहे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी अशी गजबज संपते आणि त्याच सुमारास घड्याळे एक तास मागे केली जातात. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. एका रात्रीत संध्याकाळ तासभर आधी येऊ लागते. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्यास्त होतो. मंडळाचे कार्यक्रम थेट संक्रांतीपर्यंत थंडावतात. सर्वाधिक अंधाराचे दोन महिने असे एकटेपणाचेही ठरतात.

विद्यार्थ्यांखेरीज आणखी दोन गटांकडे लक्ष द्यावे लागते. पतीच्या नोकरीमागे गेलेली, स्वतः नोकरी करण्याची परवानगी नसलेली आणि गाडी चालवण्याचा परवाना न मिळालेली तरुण स्त्री दिवसचे दिवस घरात काढते. आणि नातवंडाच्या जन्मासाठी नेमक्या हिवाळ्यात गेलेले आई-वडील. गावात ज्यांचा दिवस पारावर आणि ओट्यावर जातो, ते तेथे गरम केलेल्या बंद घरात खिडकीशी बसून राहतात. 'आई, तुम्हाला येथे काय कमी आहे?' हा सुनेचा प्रश्न प्रामाणिक असतो. सासूबाईंना कमी असतो तो उजेड आणि शेजार. शक्य असेल तर त्यांची भेट एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ठेवावी. ते जमत नसेल, तर दुपारी सूर्य असताना त्यांना रोज बाहेर काढावे, थंडी कितीही असो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने हिवाळ्यात सर्वांना आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असे सुचवले आहे. तो सल्ला हाडांच्या आणि स्नायूंच्या आरोग्यासाठी आहे, पण पाळण्याजोगा आहे.

गावाकडच्या माणसांनी दूरध्वनीवर काय ऐकावे? मुलगा 'बरा आहे' म्हणतो, पण दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात त्याचे फोन तुटक होतात, सुट्टीच्या दिवशी तेथील दुपारीही तो झोपलेला असतो, परीक्षेच्या किंवा कामाच्या तक्रारी याच काळात येतात आणि एप्रिलमध्ये स्वर पुन्हा मोकळा होतो. असा क्रम दोन वर्षे दिसला, तर तो त्याला सांगावा. रुग्णाला स्वतःला हा आकृतिबंध क्वचितच दिसतो, कारण प्रत्येक हिवाळ्यात त्याला त्या वर्षीचे एखादे वेगळे कारण सापडलेले असते. दक्षिण गोलार्धात हे सारे उलटे असते, हेही ध्यानात ठेवावे. मेलबर्नला गेलेल्या मुलीचा अंधारा काळ जून-जुलैत येतो, जेव्हा कामरगावात पेरणीची धांदल असते आणि फोनला कोणाला सवड नसते.

मदत कोठे मिळते?

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, कामावर, झोपेवर आणि भुकेवर परिणाम झाला, तर कारण ऋतूचे आहे की कर्जाचे, हे ठरण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे शासकीय रुग्णालयांत मोफत सल्ला आणि औषधे मिळतात. विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. अमेरिका आणि कॅनडात ९८८, तर ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे क्रमांक संकटकाळासाठी आहेत.

मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये. त्याच्याशी त्याबद्दल स्पष्ट बोलल्याने विचार बळावतात, ही भीती निराधार आहे. शेतकरी घरात आणखी एक खबरदारी तातडीची असते. कपाशीच्या फवारणीनंतर उरलेली कीटकनाशके हिवाळाभर घराच्या कोपऱ्यात पडून राहतात. ती कुलपात किंवा घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. तीव्र वैफल्याची लाट अनेकदा काही मिनिटांची किंवा तासांची असते आणि त्या वेळी विष हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

ज्यांचा हिवाळी क्रम निश्चित झाला आहे, त्यांनी उपचारांसाठी डिसेंबरची वाट पाहू नये. उत्तरेकडील देशांत सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान होतात आणि त्यानंतर दिवस झपाट्याने आखडतो. घटस्थापना आसपास येते, तेव्हाच तज्ज्ञाची वेळ घ्यावी, दिवा बाहेर काढावा, सकाळच्या चालण्याला सोबती शोधावा आणि संक्रांतीपर्यंतच्या प्रत्येक आठवड्यात घराबाहेरचे एक काम आधीच ठरवून ठेवावे.